अडाणी नव्हे, आशावान



आमच्या मंडळाच्या स्वाध्यायात सध्या रत्नकरंड श्रावकाचार चालू आहे. मागच्या आठवड्यात तीन मूढता झाल्या: लोकमूढता, देवमूढता आणि पाखंडिमूढता. वाचन संपलं आणि गप्पा सुरू झाल्या. कुठल्या बाबानं कुणाला फसवलं, कुठल्या मठात कुणाची शेती गेली. शेवटी एक जण म्हणाली, "अहो, अडाणी लोकं असतात ती. आपल्यासारख्या शिकलेल्या बायका कशाला जातील?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले. का, ते पुढे सांगते.

तेवढ्यात आमच्यातली सगळ्यात लहान सून म्हणाली, "काकू, माझ्या भावाच्या लॅपटॉपवर नूडल्सच्या देवाचं चित्र आहे. तो म्हणतो हा त्याचा धर्म. हे पण पाखंडच का?" सगळ्या हसल्या आणि विषय चहावर गेला. पण दोन्ही प्रश्न माझ्याबरोबर घरी आले. माणसं असल्या पंथांत जातात का? आणि थट्टेसाठी काढलेला धर्म खरा धर्म होतो का? आठवडाभर जे वाचलं, आठवलं, ते लिहून काढते.

आधी शब्दच बघू. पाखंड म्हणजे आज आपण ढोंग समजतो. पण हा शब्द मुळात वाईट नव्हता. तुमच्यापैकी ज्या गिरनारला गेल्या असतील त्यांना जुनागढहून पायथ्याकडे जाताना वाटेत सम्राट अशोकाचा शिलालेख लागला असेल. आपण यात्रेच्या घाईत असतो, फारसं कुणी थांबत नाही. त्या शिळेवरच्या बाराव्या लेखात राजा सांगतो की मी सगळ्या 'पासंडां'चा आदर करतो, साधूंचा आणि गृहस्थांचाही. पासंड म्हणजे तिथे नुसता पंथ. त्यात आपणही आलो. पुढच्या काळात जो तो दुसऱ्याच्या पंथाला पासंड म्हणू लागला आणि शब्दाला वास येऊ लागला. म्हणजे 'आमचा तो धर्म, तुमचं ते पाखंड' हे भांडण आजचं नाही.

आता इतिहासातलं एक उदाहरण नीट सांगते. हे अमेरिकेतलं आहे आणि भयंकर आहे, पण शेवटाकडून न बघता सुरुवातीकडून बघा.

१९५०च्या दशकात अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात जिम जोन्स नावाचा एक तरुण धर्मोपदेशक होता. त्या काळी तिथे गोरे आणि काळे लोक एका चर्चमध्ये बसत नसत. यानं आपल्या चर्चमध्ये सगळ्यांना एकत्र बसवलं. स्वतःच्या घरात वेगवेगळ्या वंशांची मुलं दत्तक घेतली. गरिबांना फुकट जेवण, म्हाताऱ्यांसाठी घरं अशी कामं सुरू केली. चर्चचं नाव पीपल्स टेंपल. इंडियानापोलिस शहरात राहणाऱ्या दोन कृष्णवर्णीय बहिणींपैकी एकीनं टीव्हीवर या चर्चची गाणारी मंडळी पाहिली. काळी-गोरी माणसं एका रांगेत उभी राहून गात होती. तिला वाटलं, हेच आपलं चर्च. आणि दोघी गेल्या. मला सांगा, यात अडाणीपणा कुठे आहे? आयुष्यभर ज्यांना वेगळं बसवलं, त्यांना कुणी शेजारी बसवून घेतलं तर त्या जाणार नाहीत?

पुढे १९६५ साली जोन्स आपल्या माणसांना घेऊन कॅलिफोर्नियात गेला. तिथे टेंपल वाढलं. सॅन फ्रान्सिस्कोतले मोठे राजकारणी त्याला मानू लागले. १९७६ मध्ये शहराच्या गृहनिर्माण मंडळावर त्याची नेमणूक झाली आणि तो त्याचा अध्यक्ष झाला. आत मात्र हळूहळू वेगळंच चाललं होतं. कोंबडीची आतडी-काळीज दाखवून 'बघा, हिचा कॅन्सर बाहेर काढला' असे चमत्कार होत. म्हाताऱ्या बायका आपली पेन्शन टेंपलला देऊन टाकत, घरं विकून पैसे देत. चूक करणाऱ्याला सगळ्यांसमोर उभं करून शिक्षा व्हायची. जो सोडून जाईल तो गद्दार ठरायचा.

१९७७ मध्ये एका मासिकात या गोष्टी छापून यायच्या सुमारास जोन्स दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशात निघून गेला. जंगलात टेंपलनं वसाहत उभारली होती, जोन्सटाउन. हजारभर माणसं तिथे गेली. तिथे पासपोर्ट काढून घेतले जात, घरची पत्रं तपासली जात, आणि जोन्सचा आवाज लाउडस्पीकरवर दिवसरात्र चालू असे. नोव्हेंबर १९७८ मध्ये नातेवाइकांच्या तक्रारींवरून लिओ रायन नावाचे अमेरिकन खासदार चौकशीला आले. काही जणांनी त्यांना सांगितलं, आम्हाला इथून घेऊन चला. १८ नोव्हेंबरला रायन परत निघाले तेव्हा विमानाजवळच त्यांच्यावर आणि आणखी चौघांवर गोळ्या घालण्यात आल्या. त्याच संध्याकाळी जोन्सटाउनमध्ये सरबतात सायनाइड कालवलं गेलं. आधी मुलांना पाजलं. एकूण ९१८ माणसं गेली, त्यातली ३०० हून अधिक लहान मुलं होती. त्या शेवटच्या सभेचं ध्वनिमुद्रण शिल्लक आहे. त्यात क्रिस्टीन मिलर नावाची एक बाई उभी राहून जोन्सला विरोध करते आहे, मुलांना जगायचा हक्क आहे असं सांगते आहे. आजूबाजूचे लोकच तिला गप्प करतात.

त्या दोन बहिणींपैकी एक त्या दिवशी गेली. दुसरी, हायसिंथ थ्रॅश, आपल्या खोलीतच राहिली म्हणून वाचली. तिचा जोन्सवरचा विश्वास त्याआधीच उडाला होता. मग ती तिथे होती का? कारण बहीण तिथे होती, घर विकलेलं होतं, आणि जंगलातून जायचं कुठे? मैत्रिणींनो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. विश्वास उडाला म्हणून माणूस बाहेर पडतो असं नाही. बाहेर पडायला दार लागतं आणि दाराबाहेर कुणीतरी लागतं.

आता तुम्ही म्हणाल, हे लांबचं झालं. तर जवळचं सांगते. आचार्य रजनीश, नंतरचे ओशो, यांचं मूळ नाव चंद्रमोहन जैन. जन्म १९३१, मध्य प्रदेशातल्या कुचवाड्याचा, घर तारणपंथी दिगंबर. तारणपंथ म्हणजे मूर्ती न ठेवता शास्त्राला वंदन करणारी आपलीच शाखा, पंधराव्या शतकातल्या तारणस्वामींची. रजनीश जबलपूरला तत्त्वज्ञान शिकवत असत. १९७४ मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कात आश्रम झाला. तिथे कोण येत होतं? डॉक्टर, वकील, इंजिनिअर, मानसशास्त्र शिकलेले परदेशी लोक. अडाणी कुणीच नव्हतं. १९८१ मध्ये हे सगळं अमेरिकेत ओरेगॉनला गेलं. ६४ हजार एकरांची जागा घेऊन शहर वसवलं, शेती केली, रस्ते-बांध केले. माणसं दिवसभर राबत आणि आनंदानं राबत. आणि १९८४ मध्ये तिथल्याच काही प्रमुखांनी शेजारच्या गावातल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये रोगजंतू मिसळले, स्थानिक निवडणुकीत विरोधी मतदार आजारी पडावेत म्हणून. ७५१ माणसं आजारी पडली, सुदैवानं कुणी दगावलं नाही. रजनीशांनी आपल्याला हे माहीत नव्हतं असं सांगितलं. त्यांच्या सचिव शीला यांना आणि आणखी काहींना शिक्षा झाली. ज्यांनी तिथे भाज्या लावल्या, रस्ते बांधले, त्यातल्या बहुतेकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी घाम गाळला होता आणि तो घाम खरा होता.

मग लोक जातात का? 'डोक्यावर परिणाम करतात, संमोहन करतात' हे सोपं उत्तर आहे. आयलीन बार्कर नावाच्या इंग्लंडमधल्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी हे तपासून पाहिलं. कोरियाच्या सन म्युंग मून यांच्या पंथाच्या शिबिरांना जाणाऱ्यांचा त्यांनी काही वर्षं अभ्यास केला आणि १९८४ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं की शिबिराला गेलेल्या दहांपैकी नऊ जण पंथात गेलेच नाहीत. जे गेले त्यातले पुष्कळसे दोन वर्षांत बाहेर पडले. संमोहन इतकं पक्कं असतं तर असं झालं नसतं. त्याआधी १९६५ मध्ये लोफलंड आणि स्टार्क या दोन अमेरिकन अभ्यासकांनी त्याच पंथाबद्दल लिहिलं होतं की लोक आधी शिकवणीवर विश्वास ठेवून मग माणसांत जात नाहीत. आधी माणसं जवळची होतात, मग विश्वास बसतो. बाहेरची नाती सैल असतील तर आणखी लवकर.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसले. कारण हे माझंच होतं.

१९९४ साली माझं दुसरं बाळंतपण सातव्या महिन्यात झालं आणि मूल हाती लागलं नाही. त्या काळी असं झालं की बाईनं आठ दिवस रडायचं आणि नवव्या दिवशी कामाला लागायचं, अशी रीत. घरात सगळे चांगले होते पण त्या विषयावर कुणी बोलत नसे. समोरच्या बिल्डिंगमधली एक ओळखीची बाई मला एका सत्संगाला घेऊन गेली. तिथे एक ताई होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "बाळाचं नाव काय ठेवणार होतीस?" तोवर मला हे कुणीही विचारलं नव्हतं. मी तिथे किती रडले असेन! दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडच्या दोघी डबा घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी पण आल्या. महिन्याभरात मी रोज जाऊ लागले.

मी बी.कॉम. झालेली, म्हणून पावती पुस्तकं माझ्याकडे आली. देणग्या लिहायच्या, महिन्याला बेरीज करायची. किती बरं वाटलं! लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या शिक्षणाचा कुणाला उपयोग होत होता. मग एकेक गोष्ट सुरू झाली. पांढरी साडीच नेसायची. दशलक्षणात देरासरात जाऊ नको, तिथल्या बायकांचे विचार जड असतात. माहेरी गेलीस की तुझी साधना खाली येते. आईनं दिलेल्या दोन पाटल्या मी एका गुरुवारी ताईंच्या पायाशी ठेवल्या. कुणी मागितल्या नव्हत्या. पण त्याआधी दोघींनी ठेवल्या होत्या, आणि माझ्या हातात होत्या.

आणि एका महिन्यात बेरीज जमेना. पावत्यांची कार्बन कॉपी एक सांगत होती, बँकेत भरलेली रक्कम दुसरं. मी तीनदा मांडून पाहिलं. एका रकमेची बेरीज चुकेल, पण दर आठवड्याची कशी चुकेल? मला कळलं. आणि कळूनही मी आणखी चार महिने जात राहिले! हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हिशेब येत असूनही मी स्वतःला सांगत होते की यामागे काही कारण असेल. खरं कारण एवढंच होतं की बोलले असते तर दुसऱ्या दिवशी मला कुणी हाक मारली नसती.

मला बाहेर काढलं ते सासूबाईंनी. त्या एका शब्दानं मला रागावल्या नाहीत. सत्संग संध्याकाळी सहाला असे आणि परत येईतो सूर्यास्त होऊन जाई, म्हणून त्या पाच वाजताच माझं ताट वाढायच्या. "जेवून जा" एवढंच म्हणायच्या. मोकळे हात त्यांना दिसत होते, विचारलं नाही. एक दिवस वाढता वाढता म्हणाल्या, "तिथं तुला कुणी विचारतं का गं, जेवलीस का म्हणून?" सुरुवातीला विचारत होते. आता कुणी विचारत नव्हतं, आता मी नवीन आलेल्या बायकांना विचारत होते, कारण मला तसं सांगितलं होतं. त्या दिवशी मी गेले नाही. पुढे कधीच गेले नाही. पाटल्याही परत आल्या नाहीत.

म्हणून स्वाध्यायात मी गप्प बसले होते. घरी येऊन श्लोक पुन्हा काढला. देवमूढतेच्या श्लोकात आचार्य समंतभद्रांनी असल्या भक्ताला कुठला शब्द वापरलाय बघा. मूर्ख नाही, अडाणी नाही. 'आशावान'. वर मिळेल या आशेनं जाणारा. आणि पाखंडी कोण हे सांगताना त्यांनी परिग्रह, आरंभ आणि हिंसा या खुणा दिल्या आहेत. म्हणजे जाणाऱ्याची आशा आणि नेणाऱ्याचा परिग्रह, दोन्ही त्यांनी पाहिलं होतं. आपण फक्त जाणाऱ्याला हसतो.

आता त्या नूडल्सच्या देवाकडे येते. ही गोष्ट २००५ मधली. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात शाळेच्या विज्ञानात उत्क्रांतीबरोबर 'कुणा बुद्धिमान कर्त्यानं जग घडवलं' हा विचारही यावा असा शिक्षण मंडळात आग्रह चालला होता. बॉबी हेंडरसन या भौतिकशास्त्र शिकलेल्या तरुणानं मंडळाला पत्र लिहिलं: जग एका उडत्या स्पॅगेटी राक्षसानं घडवलं असा आमचा विश्वास आहे, तेव्हा आमचाही तास ठेवा. पत्र जगभर गेलं आणि त्याचा 'पास्ताफेरियन' पंथ झाला. डोक्यावर पास्ता गाळायची चाळणी, आपली रोवळीच म्हणा ना, हे त्यांचं धर्मचिन्ह. २०११ मध्ये ऑस्ट्रियात एकानं ती घालून लायसन्सवर फोटो काढून घेतला. न्यूझीलंडमध्ये २०१६ साली या पंथाच्या रीतीनं कायदेशीर लग्नही लागलं. पण त्याच वर्षी अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या न्यायालयानं एका कैद्याला सांगितलं की ही थट्टा आहे, धर्म नव्हे. नेदरलँड्समधल्या एका बाईचा चाळणीचा दावा तिथल्या वरिष्ठ न्यायपीठानं २०१८ मध्ये आणि युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं २०२१ मध्ये फेटाळला. त्यात गांभीर्य नाही, असं त्यांचं म्हणणं.

न्यायालयाचं ते न्यायालयाला. पण मला वाटतं थट्टेचा हा धंदा आपल्याला नवा नाही. आठव्या शतकातले श्वेतांबर आचार्य हरिभद्र यांचं प्राकृत 'धूर्ताख्यान' तेच करतं. उज्जैनच्या उद्यानात पावसात अडकलेले पाच धूर्त. चार पुरुष आणि खंडपाना नावाची एक बाई. पैज अशी, प्रत्येकानं अशक्य गप्प सांगायची. दुसऱ्यानं पुराणातला दाखला देऊन 'होय, असं घडू शकतं' म्हणायचं. जो खोटं म्हणेल त्यानं सगळ्यांना जेवण द्यायचं. गप्पा पुराणातल्या दाखल्यांनी खऱ्या ठरत जातात आणि वाचणारा हसता हसता विचारात पडतो. शेवटी खंडपाना असा पेच टाकते की चौघंही हरतात, आणि मग तीच युक्तीनं सगळ्यांना जेवू घालते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणारे आपले डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी या ग्रंथाचा इंग्रजीत अभ्यास लिहिला, तो १९४४ मध्ये ग्रंथाबरोबर छापला गेला. दिगंबरांकडे याच जातीचा ग्रंथ म्हणजे अमितगतींची 'धर्मपरीक्षा', १०१४ सालची.

त्या नावातच माझं उत्तर आहे. नूडल्सचा देव हा धर्म नव्हे, धर्मपरीक्षा आहे. परीक्षा घेणारा पाहिजेच. त्यानं कुणाच्या पाटल्या घेतल्या नाहीत, पासपोर्ट घेतले नाहीत, आणि उद्या चाळणी काढून ठेवली तर त्याला कुणी गद्दार म्हणणार नाही. या बाबतीत तो कित्येक गंभीर पंथांपेक्षा स्वच्छ आहे. पण १९९४च्या त्या महिन्यात तो माझ्या उपयोगाचा नव्हता. हसून घेतल्यावर जे दुःख उरतं, त्याच्याजवळ बसायला माणूस लागतं. आणि एक गोष्ट आपल्यासाठी. परीक्षा दुसऱ्यांच्या गोष्टींची घेणं सोपं. आपल्या मंडळाची कोण घेणार?

आमच्या शेजारच्या श्वेतांबर मैत्रिणीनं सांगितलेली एक कथा आहे. आपल्या परंपरेत भगवान महावीरांचा विवाह मानत नाहीत, म्हणून ती आपल्याकडे नाही. त्यांच्याकडे भगवानांची कन्या प्रियदर्शना. तिचा पती जमाली भगवानांपासून वेगळा झाला. त्याचं म्हणणं, काम पूर्ण होईपर्यंत 'झालं' म्हणायचं नाही. प्रियदर्शनाही साध्वींना घेऊन त्याच्या बाजूला गेली. पुढे ती ढंक नावाच्या कुंभाराकडे उतरली होती. हा भगवानांचा श्रावक. त्यानं तिच्याशी वाद घातला नाही. भट्टीतला एक निखारा तिच्या वस्त्राच्या टोकावर टाकला. ती ओरडली, "माझं वस्त्र जळालं!" तो म्हणाला, "तुमच्या मतानं अजून जळालं कुठे? जळतंय." तिला कळलं. ती परतली आणि संघानं तिला घेतलं.

या कथेत निखाऱ्यापेक्षा शेवटची तीन पदं मला मोठी वाटतात. संघानं तिला घेतलं. जोन्सटाउनमध्ये दार नव्हतं. मला दार होतं, कारण पाच वाजता ताट वाढलेलं असायचं.

आपल्या मंडळात गेल्या वर्षीपर्यंत येणारी एक जण चातुर्मासापासून येत नाही. तिच्या घरी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. "ती आता दुसरीकडे कुठेतरी जाते म्हणे," असं आपण चहा पिताना म्हणालो. फोन किती जणींनी केला? मीही केला नव्हता. काल केला. पहिल्यांदा तिनं उचलला नाही. संध्याकाळी तिचाच आला. तासभर ती बोलली, मी ऐकलं. तिच्या पंथाबद्दल मी काही विचारलं नाही. रविवारी दुपारी जेवायला ये म्हटलंय.

जय जिनेंद्र.